दातांचे आरोग्य व आपला आहार

दातांची निगा ही शहरातील लोकांची बाब होय, असा समज खेड्यापाड्यांतून अद्यापही आढळतो. ज्याच्या घरी ज्वारीची भाकरी, हरभरा व भुईमुगाचे दाणे आहेत, त्याचे दात आपोआप बळकट राहतात, असे मानले जाते. परंतु खेड्यातील आहार आता पूर्वीचा राहिलेला नाही. दिवसातून चार-पाच वेळा गोड चहा व त्यात बुडविलेली बिस्किटे हा पुष्कळ घरांचा नित्यक्रम झाला आहे.

दाताला 'कीड लागली' असे आपण म्हणतो. पण कपाशीच्या बोंडात असते तशी अळी दातात नसते. दातांवर साचणाऱ्या चिकट थरात सूक्ष्म जंतू वाढतात. ते साखरेपासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लात दाताच्या कठीण आवरणातील चुन्याचे क्षार विरघळू लागतात. लाळेमुळे ही झीज काही प्रमाणात भरून निघते. मात्र त्यास सुमारे अर्धा ते एक तास लागतो. तेवढ्यात पुन्हा गोड पदार्थ तोंडात गेला, तर झीजच चालू राहते. म्हणून गोड किती खाल्ले याबरोबरच ते किती वेळा खाल्ले, हेही पाहावयास हवे. स्वीडनमधील व्हिपेहोल्म येथील बौद्धिक दिव्यांगांच्या संस्थेत झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष १९५४ साली प्रसिद्ध झाले. जेवणांच्या मधल्या वेळी चिकट मिठाई खाणाऱ्यांचे दात सर्वांत अधिक किडले, असे त्यात दिसून आले. संमतीवाचून माणसांवर केलेला तो प्रयोग निंद्यच होता. निष्कर्ष मात्र विसरण्याजोगा नाही. गूळ साखरेहून निर्धोक, ही समजूतही दातांच्या बाबतीत खरी नाही. गूळ तर दातांना चिकटून राहतो.

हिरड्यांतून रक्त येण्याचे नेहमीचे कारण म्हणजे दातांवरील तोच न काढलेला थर. तथापि आहारात 'क' जीवनसत्त्व फारच कमी पडल्यासही हिरड्या सुजतात व दात हलू लागतात. हे जीवनसत्त्व आपल्या बांधावरच पिकते. १०० ग्रॅम पेरूत ते सुमारे २०० मिलिग्रॅम, म्हणजे मोसंबीच्या जवळजवळ चौपट असते. आवळा व शेवग्याचा पाला हेही त्याचे उत्तम साठे होत. उष्णतेने ते नष्ट होत असल्यामुळे लिंबू वरण उतरविल्यावर पिळावे.

छत्रपती संभाजीनगर येथील औरंगपुऱ्यात पेरूची पाटी विकून परतणारा शेतकरी त्याच पैशांतून मुलांसाठी गोळ्या व बिस्किटांचे पुडे नेताना दिसतो. विकावयाच्या मालास दोष नाही. पण पाटीतील चार पेरू घरी ठेवण्यास काय हरकत आहे?

दात गेले की प्रथम आहारातून कच्चा मुळा, काकडी, पेरू व भाजलेले दाणे जातात. मग म्हातारा माणूस चहात भिजविलेल्या पावावर राहतो आणि अशक्त होतो. त्याचे कारण मात्र वय, असे घरचे समजतात.

मिश्री लावून दात घट्ट होतात, हाही भ्रम होय. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. तिने हिरड्या बिघडतात, व्यसन जडते व तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी महिलांच्या बैठकीत हा विषय अवश्य काढावा. गावातील अनेक मुलांच्या दातांवर पांढरे किंवा तपकिरी डाग दिसल्यास विंधन विहिरीच्या पाण्यातील फ्लोराइड तपासून घ्यावे, लिटरमागे १.५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असल्यास ते पाणी पिण्यास वापरू नये. दुखणाऱ्या दाताची तपासणी शहरातील शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालयात करून घेता येते. दात हलू लागेपर्यंत थांबू नये.