कढीपत्त्याच्या कुंडीतील फुलपाखरू

गॅलरीतील कुंडीत लावलेला कढीपत्ता पावसाळ्यात तरारून येतो आणि एके दिवशी अचानक त्याच्या कोवळ्या फांद्यांवर नुसते देठ उरलेले दिसतात. अशा वेळी बहुतेक घरांत कीटकनाशकाची शोधाशोध सुरू होते. घरात चार-पाच वर्षांचे मूल असेल, तर मात्र फवारणीपूर्वी पाने निरखून पाहावीत. पाने फस्त करणारी ही अळी बहुधा ‘कॉमन मॉर्मन’ किंवा ‘लाइम बटरफ्लाय’ या फुलपाखराची असते. महिनाभरात तिचे संपूर्ण स्थित्यंतर घरबसल्या पाहता येते.

ही दोन्ही फुलपाखरे मुंबई-पुण्यासारख्या शहरांतही सर्रास आढळतात. महाराष्ट्राने २०१५ मध्ये ज्याला राज्य फुलपाखराचा मान दिला, ते ‘ब्लू मॉर्मन’ त्यांचेच भाईबंद. लिंबू, बेल आणि कढीपत्ता या एकाच कुळातील झाडांवर त्यांची मादी अंडी घालते. पायांनी पान चाचपून ती त्याची चव ओळखते आणि खात्री पटल्यावरच पिवळसर, मोहरीएवढे अंडे पानावर चिकटवते. तीन ते पाच दिवसांत अळी बाहेर पडते. सुरुवातीला ती हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. शत्रूला फसविण्याचे हे सोंग असते. अखेरची कात टाकल्यावर ती हिरवीगार होते. तिला डिवचल्यास डोक्यामागून दुभंगलेले, लालसर शिंग बाहेर येते आणि उग्र दर्प सुटतो. मुलांना हा प्रकार वारंवार पाहावासा वाटतो. पण अळीला त्याचा त्रास होतो. एकदा दाखविणे पुरे.

पालनासाठी फार खटाटोप लागत नाही. रुंद तोंडाची बरणी घ्यावी, तिच्या तोंडावर मच्छरदाणीचे कापड बांधावे आणि तळाशी कागद अंथरावा. घट्ट झाकण लावल्यास आत दमटपणा साचून बुरशी धरते. फांदी ताजी राहावी म्हणून ती पाण्याच्या लहान बाटलीत ठेवावी. बाटलीचे तोंड कापसाने बंद करावे, अन्यथा अळी पाण्यात पडते. कागद रोज बदलावा, बरणी उन्हात ठेवू नये. मंडईतील कढीपत्ता मात्र देऊ नये. त्यावर फवारलेल्या औषधाचा अंश उरला असल्यास एका रात्रीत सर्व अळ्या दगावू शकतात. मोठ्या अळ्यांची भूक दांडगी असल्याने एका कुंडीच्या भरवशावर दोन-तीनच पाळाव्यात. कात टाकण्यापूर्वी अळी दिवसभर निश्चल बसते. ती मेली असे समजून तिला उचलू नये. केसाळ सुरवंटांना मुलांनी हात लावू नये. त्यांच्या केसांमुळे खाज सुटते.

कोषात जाण्यापूर्वी अळी खाणे थांबवते, पातळ विष्ठा टाकते आणि अस्वस्थपणे फिरू लागते. हा आजार नव्हे. बरणीत काडी उभी ठेवल्यास तिच्यावर ती रेशमी धाग्याचा पट्टा कमरेभोवती घालून स्थिरावते. कोष हिरवा होणार की तपकिरी, हे बरेचसे भोवतालच्या पृष्ठभागावर ठरते. पुढे दहा-बारा दिवसांनी कोषाच्या पातळ भिंतीतून पंखांचा रंग दिसू लागला, की दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांना लवकर उठवावे. बाहेर आलेल्या फुलपाखराचे पंख चुरगळलेले असतात. ते उलटे लटकून त्यांत शरीरातील द्रव भरते आणि दोन-तीन तासांत पंख वाळतात. लटकण्यास जागा न मिळाल्यास पंख कायमचे वाकडे राहतात. कोष सोलून ‘मदत’ करणे तर सर्वांत घातक.

प्रत्येक कोषातून फुलपाखरू निघेलच, असे मात्र नाही. काही कोष काळवंडतात, तर काहींना बारीक छिद्र पडून त्यातून चिमुकल्या गांधीलमाश्या बाहेर येतात. या माश्यांनी आपली अंडी आधीच आत घातलेली असतात. बागेतून आणलेल्या अळ्यांबाबत हे अनेकदा घडते. अनेक पालक असा कोष गुपचूप फेकून ‘फुलपाखरू उडून गेले’ असे मुलाला सांगतात. ही थाप अनावश्यक आहे. रोज पाने घालणाऱ्या मुलाला माशीलाही पिल्ले वाढवायची होती हे कळते. ते रडले, तरी कळते. मोकळ्या निसर्गात बहुसंख्य अळ्या फुलपाखरू होण्याआधीच कोणाच्या तरी पोटात जातात, हेही त्याच वेळी सांगता येते.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये काही फुलपाखरांना संरक्षण आहे. त्यामुळे जंगलातून अळ्या आणू नयेत, आपल्या कुंडीत आलेल्याच वाढवाव्यात. पंख वाळल्यावर फुलपाखराला त्याच गॅलरीतून उन्हाच्या वेळी सोडावे. पाऊस असल्यास थांबावे, एक दिवस ते उपाशी राहू शकते. ओरबाडलेल्या कढीपत्त्याला तोवर नवी पालवी फुटलेली असते, आणि तिच्यावर अंडी घालण्यासाठी एखादी मादी घिरट्या घालत असण्याचा संभव असतो.