टाकी जमिनीखाली, परवाना कपाटात

व्यापारी कुटुंबात कागदपत्रांची एक उतरंड असते. जमिनीचे खरेदीखत, भागीदारीपत्र आणि बँकेची मंजुरीपत्रे तिजोरीच्या वरच्या खणात जपली जातात. वस्तू व सेवा कराची आणि आयकराची विवरणे सनदी लेखापालाच्या धाकाने वेळेवर भरली जातात. डिझेल, थिनर, सॉल्व्हंट, फर्नेस ऑइल यांचा साठा करण्याचा परवाना मात्र बहुधा सर्वांत खालच्या फायलीत आढळतो. तो एकदा हाती आला की कित्येक वर्षे त्याची कोणी चौकशी करीत नाही, आणि ज्या दिवशी चौकशी होते, तो दिवस सहसा आगीचा, विम्याच्या दाव्याचा किंवा घरातील वाटणीचा असतो.

या परवान्यामागचा कायदा जुना आहे. १८९९च्या पेट्रोलियम कायद्याची जागा १९३४च्या कायद्याने घेतली आणि तो आजही लागू आहे. त्याखालील नियम १९३७, १९७६ आणि २००२ असे तीन वेळा नव्याने झाले. अंमलबजावणी करणारे खाते त्याहूनही जुने. ५ सप्टेंबर १८९८ रोजी स्थापन झालेला विस्फोटक विभाग आज ‘पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटना’, व्यापाऱ्यांच्या बोलीत ‘पेसो’, या नावाने ओळखला जातो. त्याचे मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. पेट्रोलियम म्हटले की लोकांना पेट्रोलियम मंत्रालय आठवते. ही संघटना मात्र केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्रालयाच्या छायेखाली येते.

कायदा द्रवाकडे पाहतो तो त्याच्या स्वभावावरून. द्रव किती तापमानाला इतकी वाफ सोडतो की ठिणगी लागताच ती क्षणभर पेटावी, ते तापमान म्हणजे त्याचा फ्लॅश पॉइंट. २३ अंश सेल्सियसच्या खाली फ्लॅश पॉइंट असलेले ते ‘अ’ वर्गाचे, २३ ते ६५च्या आतले ‘ब’ वर्गाचे आणि ६५ ते ९३च्या आतले ‘क’ वर्गाचे. पेट्रोल पहिल्या वर्गात, डिझेल व रॉकेल दुसऱ्यात, फर्नेस ऑइल तिसऱ्यात. इंजिन ऑइलचा फ्लॅश पॉइंट याच्या खूपच वर असल्याने ते या तिन्ही वर्गांबाहेर राहते. डिझेल ‘सोसणारे’ आहे, पेट्रोलसारखे भडकत नाही, असा बाजारात समज आहे. भारतीय मानकानुसार डिझेलचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश असावा लागतो. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. तेव्हा उघड्या पत्र्याखाली ठेवलेला डिझेलचा ड्रम किती सोसणारा उरतो, हे ज्याचे त्याने ताडावे.

येथे पहिला गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. पेट्रोलियम म्हणजे केवळ पेट्रोल पंपावर मिळते ते, असे नव्हे. कायद्याच्या व्याख्येत द्रवरूप हायड्रोकार्बन, त्यांची मिश्रणे आणि असे हायड्रोकार्बन असलेले कोणतेही ज्वालाग्राही मिश्रण येते. त्यामुळे तेलगाळप उद्योगाला लागणारे हेक्झेन, रंगाच्या दुकानातले टोल्युइनयुक्त थिनर, छपाईच्या शाईचे काही द्रावक हे सारे त्याच छत्राखाली येतात, आणि त्यांतील अनेक थेट ‘अ’ वर्गात. आपण पेट्रोलचा व्यवसाय करीत नाही, असे म्हणणारी कितीतरी कुटुंबे या व्याख्येच्या मधोमध उभी असतात.

सवलतीच्या मर्यादा कायद्यातच दिल्या आहेत. विक्रीसाठी नसलेले ‘अ’ वर्गाचे द्रव एकूण ३० लिटरपर्यंत विनापरवाना बाळगता येते, तेही योग्य भांड्यात. विक्रीचा हेतू असेल तर ही सवलत नाही. रंगाच्या दुकानदाराने हे वाक्य दोनदा वाचावे. ‘ब’ वर्गासाठी एका जागी २,५०० लिटरपर्यंत परवाना लागत नाही, मात्र त्यातले कोणतेही भांडे १,००० लिटरपेक्षा मोठे नसावे. ‘क’ वर्गाची सीमा ४५,००० लिटर आहे. स्वतःच्या दहा-बारा मालमोटारी बाळगणारा वाहतूकदार गोदामाच्या मागे डिझेलचे ड्रम ठेवतो. एक ड्रम २०० लिटरचा. बारा ड्रम म्हणजे २,४०० लिटर. तेरावा ड्रम उतरवला, की तो नकळत कायद्याच्या दुसऱ्या बाजूला गेला. भाव वाढणार अशी कुणकुण लागली की हाच तेरावा, चौदावा आणि पंधरावा ड्रम येतो. शिवाय दोन हजार लिटरची एकच टाकी बसवली, तर एकूण साठा मर्यादेत असूनही परवाना लागतो, कारण भांडे मोठे झाले. हा बारकावा टाकी विकणारा सांगत नाही.

परवाना मिळवण्याची वाट लांब असली तरी अनाकलनीय नाही. लहान साठ्यांचे काही परवाने जिल्हा प्राधिकारी देतात. टाकीतल्या व मोठ्या साठ्यांसाठी पेसोकडे जावे लागते. अगोदर जागेचा आणि बांधणीचा नकाशा मंजूर करून घ्यायचा. जिल्हा प्राधिकाऱ्याचे ‘ना हरकत’ आणायचे. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात ते पोलीस आयुक्तांच्या कार्यालयातून येते, अन्यत्र जिल्हाधिकाऱ्यांकडून. त्यामागे महसूल, पोलीस, रस्ते, अग्निशमन, नगररचना अशा खात्यांचे अहवाल असतात, आणि उशीर होतो तो बहुधा इथेच. मग मंजूर नकाशाबरहुकूम टाकी बसवायची, ती गळत नसल्याची चाचणी करायची, अर्थिंग तपासायचे, सक्षम व्यक्तीचा सुरक्षा दाखला जोडायचा आणि अंतिम अर्ज करायचा. वाहनांत इंधन भरणाऱ्या पंपाच्या टाक्यांना जो परवाना मिळतो, तो नियमांतील नमुना चौदाचा. तेल कंपन्यांच्या विक्रेत्यांकडे टाक्या बहुधा कंपनीच्या असतात आणि परवान्याची काळजीही कंपनीच वाहते. परंतु साखर कारखाना, खडी केंद्र, बस-ट्रकचा ताफा किंवा सॉल्व्हंटचे गोदाम यांची जबाबदारी मालकावरच असते.

या प्रक्रियेतून हाती येणारा कागद नीट वाचला, तर एक गोष्ट लक्षात येते. त्यावर नाव असते, द्रवाचा वर्ग आणि लिटर असतात, आणि जोडीला मंजूर नकाशा असतो. म्हणजे तो ‘या माणसाला तेल ठेवू द्यावे’ असा सरसकट दाखला नसून, या नकाशातल्या या जागी, या नावाच्या व्यक्तीने, एवढेच द्रव ठेवावे, असे ते वर्णन असते. वर्णन आणि वस्तुस्थिती यांत फरक पडला, की तारीख शिल्लक असूनही कागदातला जीव जातो. पेट्रोलच्या टाकीत थिनर भरले, टाकीशेजारी कामगारांची खोली बांधली, कुंपण आत सरकवले, वायुनळीजवळ वेल्डिंगची शेड उभी राहिली, तर ही प्रत्येक गोष्ट पूर्वपरवानगीची असते. ती अंतरे कोणा अधिकाऱ्याने हट्टाने ठरवलेली नाहीत. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही. जमिनीलगत सरपटते, गटारात उतरते आणि दूरच्या ठिणगीपर्यंत जाऊन पोहोचते.

याचे भीषण प्रत्यंतर २९ ऑक्टोबर २००९ च्या सायंकाळी जयपूरजवळ सीतापुरा येथे आले. तेथील तेल आगारातून पेट्रोल गळत राहिले, वाफेचा ढग परिसरात पसरला आणि मग स्फोट झाला. टाक्या दहा दिवसांहून अधिक काळ जळत होत्या. आगाराच्या बाहेरच्या माणसांनीही प्राण गमावले. आगाराभोवती उद्योग वसाहत वाढलेली होती. मोठ्या आगारात जे घडले, त्याचे लहान रूप वीस हजार लिटरच्या टाकीपाशीही घडू शकते. वाफेला मालकाची उलाढाल ठाऊक नसते.

नूतनीकरणाचा विषय त्या मानाने सोपा, आणि म्हणूनच दुर्लक्षित. परवाना एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी मिळतो आणि त्याची अखेर ३१ डिसेंबरला होते. आपल्याकडे वर्ष दोन वेळा उजाडते, दिवाळीच्या वहीपूजनाला आणि १ एप्रिलला. डिसेंबरची अखेर कोणत्याही वहीत नसते. दहा वर्षांनी येणारी तारीख ज्या मुनीमजींच्या लक्षात होती, ते एव्हाना निवृत्त झालेले असतात. मुदतीपूर्वी रीतसर अर्ज व शुल्क पोहोचले असेल, तर निर्णय होईपर्यंत ती जागा परवानाधारक समजली जाते, ही नियमांतली मोठी सोय आहे. मुदत उलटून गेली की हे छत्र उरत नाही. अर्ज आता ऑनलाइन करता येतो. जागेत बदल नसेल तर कागद थोडेच लागतात. बदल असेल, तर मात्र नूतनीकरणाचा अर्ज करण्यापूर्वी तो मंजूर करून घेणे शहाणपणाचे. काही मंडळी जुनाच नकाशा पुन्हा जोडून मोकळी होतात. पुढच्या तपासणीत तो नकाशाच त्यांच्याविरुद्ध साक्ष देतो.

पंपाच्या मापांचे प्रमाणीकरण हा वेगळाच भाग. ते वैधमापन शास्त्र खात्याकडे असते आणि इंधन भरणाऱ्या यंत्राची पडताळणी दरवर्षी होते. एका खात्याचा शिक्का दुसऱ्याला चालत नाही. अर्थिंगची चाचणीही वर्षातून एकदा करून तिची नोंद ठेवायची असते. रोजचा साठा डिपस्टिकने मोजून रोजमेळासारखा जुळवणारा व्यापारी स्वतःच्या टाकीचा पहिला तपासनीस असतो. जमिनीखालची पोलादी टाकी गंजून झिरपू लागली, तर ती बातमी शेजारच्या विहिरीच्या आधी या ताळेबंदात दिसते. पैशापैशाचा हिशेब ठेवणाऱ्या घरात लिटरचा हिशेब ‘उडाले असेल’ म्हणून सोडून दिला जातो, याचे नवल वाटते.

आता पैशाची बाजू. साठा बँकेकडे तारण असेल, तर बँक विमा मागते. विमा कंपनी आग लागल्यावर सर्वेक्षक पाठवते, आणि सर्वेक्षक राखेइतकाच कागद पाहतो. परवाना मुदतबाह्य असेल, किंवा परवान्यावर दहा हजार लिटर आणि स्टॉक स्टेटमेंटमध्ये अठरा हजार लिटर असतील, तर दावा अडतो. पूर्ण फेटाळला गेला नाही तरी वर्षानुवर्षे लोंबकळतो. त्या काळात कर्जावरचे व्याज थांबत नाही, आणि घरचे दागिने पुन्हा एकदा कपाटाबाहेर येतात. महिन्याकाठी भरून दिले जाणारे स्टॉक स्टेटमेंट हा आपल्याच सहीचा कबुलीजबाब असतो, हे ते भरताना कोणी ध्यानात घेत नाही. बँकेच्या शाखेतही परवान्याची प्रत मंजुरीच्या वेळी एकदा घेतली जाते आणि नंतर फायलीत पिवळी पडते. तिच्या मुदतीची नोंद विम्याच्या तारखेशेजारी झाली, तर दोघांचेही भले होईल.

सर्वांत नाजूक प्रसंग म्हणजे परवानाधारकाचा मृत्यू. परवाना वडिलांच्या नावे, धंदा तीन भावांचा, टाकी एकाच्या वाट्याच्या जमिनीत, अशी मांडणी पुष्कळ घरांत असते. दुखवट्याच्या दिवसांत टँकर येतच असतो. नियमांनी हा प्रसंग ओळखला आहे. परवानाधारक मरण पावला, दिवाळखोर झाला किंवा मनाने असमर्थ ठरला, तर धंदा चालवणाऱ्या व्यक्तीला स्वतःच्या नावे परवाना मागण्यासाठी लागणाऱ्या वाजवी काळात दंडापासून संरक्षण मिळते. परंतु हा काळ ‘वाजवी’ आहे, अमर्याद नाही. वारसांचे एकमत होईपर्यंत थांबण्याची मुभा त्यात नाही. मालमत्तेचा वाद सुटायचा तेव्हा सुटेल. धंदा प्रत्यक्ष कोण चालवणार, एवढा निर्णय बाकीच्या भावांच्या लेखी संमतीने लगेच करून अर्ज दाखल करावा लागतो. भागीदार निवृत्त झाला, पेढीची कंपनी झाली किंवा एकत्र कुटुंबाची विभागणी झाली, तरीही परवान्यावरील नाव नव्या दस्ताशी पडताळून पाहावे. वकील वाटणीपत्रात दुकाने, गाळे, ठेवी मांडतो; जमिनीखालची टाकी त्याला कोणी सांगितल्याशिवाय दिसत नाही.

हल्ली गावांच्या मध्यवर्ती भागातले जुने पंप आणि तेलाची गोदामे बंद होऊन तेथे इमारती उभ्या राहत आहेत. धंदा बंद झाला की परवाना परत करायचा आणि टाकीची विल्हेवाट लावायची, ही शेवटची पायरी अनेकदा गाळली जाते. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक घातक असते, कारण तळाशी उरलेल्या थोड्या द्रवाची वाफ हवेत मिसळून संपूर्ण पोकळी व्यापते. भंगारवाल्याचा गॅस कटर तिला लागण्यापूर्वी टाकी वायुमुक्त झाल्याचा दाखला सक्षम व्यक्तीकडून घ्यावा लागतो. गाळ काढण्यासाठी मजुराला तशीच आत उतरवू नये. त्या टाकीत गुदमरून मरायला आगीचीही गरज नसते. भूखंड विकणाऱ्याने खरेदीखताच्या मसुद्यात टाकी कधी काढली, कोणी काढली आणि परवाना कोणत्या तारखेला परत केला, या तीन ओळी लिहवून घ्याव्यात, आणि घेणाऱ्यानेही त्या मागाव्यात.