फ्रॅपे : डॉकटाइपभोवती रचलेली वेब चौकट

फ्रॅपे ही पायथॉनमधली वेब-अ‍ॅप्लिकेशन चौकट मुंबईत घडली. ऋषभ मेहता यांच्या कंपनीचे ईआरपीनेक्स्ट हे व्यवसायाचे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर तिच्यावरच उभे आहे.

तिच्या रचनेचा गाभा म्हणजे ‘डॉकटाइप’. समजा, भाट्ये येथील प्रादेशिक नारळ संशोधन केंद्रासारख्या ठिकाणी रोपांची मागणी नोंदवायची आहे. शेतकऱ्याचे नाव, नारळाची जात (उदाहरणार्थ ‘प्रताप’), रोपांची संख्या असे रकाने एकदा ठरवले की डेटाबेसमधला तक्ता, फॉर्म, यादी आणि रेस्ट एपीआय चौकटच तयार करते.

प्रत्येक नोंद म्हणजे ‘डॉक्युमेंट’ या मूळ क्लासपासून निघालेल्या उपक्लासचा ऑब्जेक्ट. जतन करण्याचा क्रम मूळ क्लासमध्येच बांधलेला असतो: आधी परवानगी, मग तपासणी, मग डेटाबेस. उपक्लासने फक्त ‘व्हॅलिडेट’ ही मेथड लिहायची. मागणी शिल्लक रोपांपेक्षा जास्त दिसली की तिथे एरर द्यायची, नोंद जतन होतच नाही. लायब्ररी आणि चौकट यांतला फरक इथे स्पष्ट दिसतो: लायब्ररीला प्रोग्रामरचा कोड बोलावतो, चौकट मात्र प्रोग्रामरच्या कोडला बोलावते.

सर्वांत देखणी गोष्ट अशी की ‘डॉकटाइप’ हाही एक डॉकटाइपच आहे. त्यामुळे नवा रकाना जोडणे म्हणजेसुद्धा एक नोंद जतन करणे.

दुसऱ्याच्या अ‍ॅपमधला क्लास बदलायचा असेल तर मूळ फाइलला हात लावावा लागत नाही. ‘हुक्स’ फाइलमध्ये आपला उपक्लास नोंदवला की पुरे. या लवचिकपणाची किंमतही आहे: रकान्याचे नाव कोडमध्ये चुकले, तर ते बहुधा कोड चालवल्यावरच कळते.