पऱ्हाटीतला कार्बन
वाशीम जिल्ह्यात कापूस, तूर निघाली की पऱ्हाट्या-तुराट्या बहुधा चुलीत नाहीतर धुऱ्यावर जळतात. त्यांच्या कोळशाचे इलेक्ट्रोड होऊ शकतात. मात्र लिथियम बॅटरीपेक्षा सुपरकपॅसिटरसाठी, म्हणजे वीज झटपट साठवणाऱ्या-सोडणाऱ्या साधनासाठी, तो अधिक योग्य. लिथियमचे आयन ग्राफाइटच्या थरांमध्ये शिरतात आणि कृत्रिम ग्राफाइट घडवायला सुमारे 3000 अंश सेल्सिअस तापमान लागते. सुपरकपॅसिटरमध्ये विद्युतभार पृष्ठभागावर साठतो. तिथे सच्छिद्र कोळसा चालतो. रासायनिक प्रक्रियेनंतर त्याच्या एका ग्रॅमला हजार चौरस मीटरहून अधिक पृष्ठभाग मिळू शकतो. पुण्याच्या केपीआयटी कंपनीने 2023 मध्ये जाहीर केलेल्या सोडियम बॅटरीसारख्या तंत्रालाही विस्कळीत थरांचा कार्बन मानवतो. राखेतले क्षार कोळसा बिघडवतात, हा आक्षेप खरा. पण आम्लाने धुऊन ते बरेचसे निघतात. पऱ्हाट्यांची वाहतूक महाग पडते, हा आक्षेप अधिक वजनदार. म्हणून कोळसा गावाजवळच व्हावा आणि पुढची प्रक्रिया कारखान्यात.