जुन्या ध्वनिवर्धकातील कंडेन्सरांची पारख

इंग्लंडातील हंटिंग्डन येथे पीटर वॉकर यांच्या कारखान्यातून 1953 साली बाहेर पडलेला 'क्वाड टू' हा 15 वॅटचा ध्वनिवर्धक, किंवा त्याच्याच पिढीतील व्हॉल्व्हचे अन्य एखादे यंत्र, वर्षानुवर्षे अडगळीत पडून राहिल्यावर ज्याच्या हाती येते, त्याला ते तत्काळ विजेला जोडून ऐकण्याचा मोह व्हावा हे स्वाभाविक असले, तरी तो मोह आवरणे हे जीर्णोद्धाराचे पहिले कर्तव्य होय. कारण ट्रान्सफॉर्मर आणि व्हॉल्व्ह पुष्कळदा शाबूत असतात, कंडेन्सर मात्र वापराविनाही वृद्ध होत राहतो.

वीजपुरवठ्यातील इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरात ॲल्युमिनियमच्या पत्र्यावरील ऑक्साइडचा सूक्ष्म थर हाच विद्युत्‌रोधक असतो. दीर्घकाळ वीज न मिळाल्यास तो क्षीण होतो, तर आतील द्रव वाळल्यास अंतर्गत रोध वाढून ध्वनीत घरघर शिरते. क्षीण थर पुष्कळदा पुन्हा बांधता येतो: मोठ्या रोधकामधून विद्युत्‌दाब टप्प्याटप्प्याने चढवावा आणि गळती उतरत जाते की नाही ते पाहावे. वाळलेल्या कंडेन्सरावर मात्र इलाज नाही.

खरा धोका असतो तो दोन व्हॉल्व्हांना सांधणाऱ्या, दिसावयास क्षुल्लक अशा कागदी कंडेन्सरात. आधीच्या व्हॉल्व्हचा उच्च दाब अडवून केवळ ध्वनीचा प्रवाह पुढे सोडणे ही त्याची जबाबदारी. परंतु कागदात दमट हवा मुरली, की तो दाब पाझरू लागतो, पुढील व्हॉल्व्हच्या ग्रिडवरील ऋण दाब घटतो, व्हॉल्व्ह प्रमाणाबाहेर प्रवाह ओढून लालबुंद होतो आणि अखेरीस सहजासहजी न मिळणारा ट्रान्सफॉर्मर जळण्याची वेळ येते. साधा मल्टीमीटर या कंडेन्सराची धारिता थोड्याच व्होल्टांवर मोजतो, त्यामुळे तो बेलाशक निर्दोषत्वाचा दाखला देतो. त्या दाखल्यावर मी तरी विसंबणार नाही. डाख काढून कंडेन्सर सोडवावा, त्याच्यावर छापलेल्या मर्यादेत राहून यंत्रात त्याला जेवढा दाब सोसावा लागतो तेवढा नियंत्रित पुरवठ्यातून द्यावा, आणि 10 मेगओहमचा व्होल्टमीटर त्याच्याशी एकसरीत जोडावा. काटा प्रथम चढतो आणि मग उतरू लागतो. तो 10 व्होल्टांवर अडकला, तर गळती 1 मायक्रोॲम्पिअर आहे असे समजावे. ग्रिडचा रोधक 470 किलोओहमचा असल्यास एवढ्या गळतीने ग्रिडवर जवळजवळ अर्धा व्होल्ट चढतो, आणि यंत्र तापल्यावर गळती आणखी वाढते.

म्हणून गळणारा कागदी कंडेन्सर, तो मूळचा आहे एवढ्याच ममतेपोटी, ठेवू नये. तद्वतच सरसकट सारे भाग उपटून टाकण्याचा शिरस्ताही मला मान्य नाही, कारण कसोटीस उतरलेला भाग काढल्याने यंत्र सुधारत नाही, त्याचा इतिहास मात्र पुसला जातो. ज्यांना उच्च दाबावर काम करण्याचा सराव नाही, त्यांनी हे काम जाणत्या कारागिराकडेच सोपवावे. आणि ज्यांना आहे त्यांनीही, वीज तोडल्यावर रोधक जोडून साठलेला भार उतरवल्याशिवाय व व्होल्टमीटरवर शून्य पाहिल्याशिवाय, आत हात घालू नये.