लघवीतल्या खुणांची नोंदणी

1934 साली नॉर्वेत एक आई आपल्या दोन मुलांना घेऊन डॉ. अस्ब्यॉर्न फॉलिंग यांच्याकडे आली. मुलांची बौद्धिक वाढ खुंटलेली, अंगाला कसलासा विचित्र वास. फॉलिंग यांनी लघवीत फेरिक क्लोराइडचे थेंब टाकले. कीटोन असते तर लालसर-तपकिरी रंग आला असता. आला तो गडद हिरवा. आईकडून लिटरच्या लिटर लघवी मागवून त्यांनी त्यातून फिनाइलपायरुव्हिक आम्ल वेगळे काढले. विकाराला त्यांनी दिलेले लॅटिन नाव रुग्णाला हिणवणारेच होते. पुढे फिनाइलकीटोनयुरिया रूढ झाले, शिवाय 'फॉलिंगचा रोग' हेही चालत राहिले.

अशी नावांची गर्दी दुर्मीळ चयापचय विकारांत नेहमीची. ग्लुटारिक ॲसिडयुरिया प्रकार 1 आणि ग्लुटारिक ॲसिडीमिया प्रकार 1 हा एकच आजार. पहिल्या नावात आम्ल लघवीत पाहिलेले, दुसऱ्यात रक्तात. जाणत्या डॉक्टरला हे सवयीने कळते. संगणकाला मात्र हे दोन वेगळे आजार वाटतात, आणि जगभरात मोजकेच रुग्ण असलेल्या विकारात एकेक नोंद निसटणे परवडत नाही.

यावर उपाय म्हणून 2008 मध्ये बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातील पीटर रॉबिन्सन यांच्या गटाने 'ह्यूमन फेनोटाइप ऑन्टॉलॉजी' मांडली. तिच्यात प्रत्येक लक्षणाला कायमचा क्रमांक मिळतो. अमिनोॲसिडयुरियाचा एचपी:0003355. पर्यायी नावे पुसली जात नाहीत, त्याच क्रमांकाखाली जातात. विशिष्ट लक्षण व्यापक लक्षणाखाली बसते: मिथाइलमॅलोनिक ॲसिडयुरिया हा ऑरगॅनिक ॲसिडयुरियाचा एक प्रकार. त्यामुळे एका प्रयोगशाळेने मोघम लिहिले आणि दुसरीने नेमके, तरी दोन्ही रुग्णांतले साम्य संगणकाला दिसते.

माझ्या मते या कामातली खरी मेख वेगळीच आहे: लक्षण आणि रोग यांची फारकत. मिथाइलमॅलोनिक आम्ल लघवीत वाढते ते कधी एमएमयूटी जनुकातल्या दोषाने, कधी एमएमएए किंवा एमएमएबीतल्या. आणि कधी जनुके धडधाकट असूनही, निव्वळ ब-12 जीवनसत्त्वाच्या कमतरतेने. आपल्याकडे शाकाहारी आईच्या अंगावर पिणाऱ्या बाळात ही शेवटची शक्यता आधी तपासावी लागते. दोष जनुकाचा असेल तर प्रथिने मोजून देणे जन्मभराचे. कमतरता असेल तर ब-12ची इंजेक्शने. अहवालातला शब्द दोन्हीकडे तोच. म्हणून तो खूण म्हणून नोंदवायचा, निदान म्हणून नव्हे.

आकड्याचा प्रश्न मात्र उरतोच. लघवी कधी पातळ, कधी दाट, म्हणून आम्लाचे प्रमाण क्रिएटिनिनच्या तुलनेत सांगतात. तान्ह्या बाळाच्या लघवीत क्रिएटिनिनच कमी, त्यामुळे हे गुणोत्तर एरवीही चढे दिसते. वयाचा निकष लावल्याशिवाय 'वाढलेले' हा शेरा मारता येत नाही.