खराडी आणि कराडचा एकच संकेत

पत्त्यात पुण्यातली खराडी लोक रोमन लिपीत किती तऱ्हांनी लिहितात! शेवटी कोणी आय लावतं, कोणी वाय, कोणी दोन ई. कोणाचा केनंतरचा एच गळतो, तर कोणाच्या डीनंतर एक जास्तीचा एच येतो. वाचताना आपण अडखळतही नाही. पण त्या पत्त्यांवर सारख्या नोंदी एकत्र करणारं 'ग्रुप बाय' लावून 'काउंट' मागा, डेटाबेस प्रत्येक स्पेलिंगचं वेगळं गाव मोजतो.

यावरचा विलक्षण उपाय संगणकाच्याही आधीचा आहे. अमेरिकेत १९१८ साली रॉबर्ट रसेल यांनी नावं उच्चारावरून लावण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. तीच पुढे साउंडेक्स झाली. ओरॅकल, मायएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हरमध्ये तिचं फंक्शन तयार मिळतं. पहिलं अक्षर ठेवायचं. पुढचे स्वर आणि एच, डब्ल्यू, वाय गाळायचे. उरलेल्या व्यंजनांना आकडे द्यायचे. बी, पी, एफ, व्ही या ओठांनी उच्चारायच्या अक्षरांना १, डी-टीला ३, आरला ६. वर्ण मुखातल्या जागेवरून एकत्र बसवणं मुळाक्षरं घोकताना आपण सगळेच शिकलो आहोत: त-वर्ग, प-वर्ग!

आता खराडी घ्या. के राहिला, आरचे ६, डीचे ३, तीन आकडे भरायला शून्य: के६३०. वरची सगळी स्पेलिंगं नेमकी इथेच येतात. या संकेतावर 'ग्रुप बाय' केलं, की विखुरलेली खराडी एका ओळीत गोळा होते.

आणि त्याच ओळीत सातारा जिल्ह्यातलं कराडही येऊन बसतं! कारण त्याचाही संकेत के६३०च.

मग अक्षरांचे फरक मोजावेत? लेव्हेन्श्टाइन यांनी १९६५ साली तेही मांडलं: एका शब्दाचा दुसरा करायला किती अक्षरं घालावी, काढावी, बदलावी लागतात, तेवढं त्यांच्यातलं अंतर. खराडीतला एच आणि आय काढला की कराड, अंतर २. आयच्या जागी दोन ई लिहिले तरी अंतर २! म्हणजे तीच खराडी आणि पार दुसरं गाव, दोन्ही सारख्याच अंतरावर. मला हे फार थक्क करणारं वाटतं. नावातली अक्षरं कितीही बारकाईने पाहिली, तरी हा निवाडा त्यांच्यात सापडत नाही.

तो पिनकोडात सापडतो. खराडीचा ४११०१४, कराडचा ४१५११०. नुसता पिनही पुरत नाही, कारण विमाननगर आणि वडगाव शेरीही ४११०१४मध्येच येतात. 'ग्रुप बाय'मध्ये संकेत आणि पिन दोन्ही दिले, तर कराड बाजूला होतं, विमाननगर बाजूला होतं आणि खराडीची मोजणी खराडीपुरती राहते.